पासपोर्टला साडेचार महिने उरलेत आणि आईचं क्वालालंपूरचं तिकीट काढून झालंय, काय करू?

कारेलीबागकर | १७ नोव्हेंबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, जरा घाईचं आहे म्हणून थेट विचारते.

माझी आई (वय ६८) ९ डिसेंबरला क्वालालंपूरला चाललीये. धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण आहे, डॉक्टरांनी १४ डिसेंबरच्या आसपासची तारीख दिलीये. तिकीट ऑगस्टमध्येच काढून ठेवलं होतं, अहमदाबादहून थेट विमान, परतीचं ५ जानेवारी. मलेशियाला सध्या आपल्याला व्हिसा लागत नाही त्यामुळे कोणाला काही कागद दाखवायचा प्रसंगच आला नाही. आज रात्री डिंक, अळीव, खारीक, सुंठ अशी यादी करायला बसलो आणि सहज म्हणून आईचा पासपोर्ट उघडला तर मुदत २८ एप्रिलला संपतेय. म्हणजे जायच्या दिवशी चार महिने आणि १९ दिवस शिल्लक. कुठेतरी सहा महिन्यांचं काहीतरी ऐकलं होतं म्हणून पोटात गोळाच आला.

ज्यांच्याकडून तिकीट काढलं त्या भाईंना लगेच फोन लावला, ते म्हणाले "बेन, चालसे, रिटर्न टिकिट छे ने!" आईला वाटतंय की चालत असेल तर उगाच कशाला धावाधाव. मला झोप येत नाहीये. खरंच चालतं का? आणि नसेल चालत तर २२ दिवसांत नवा पासपोर्ट होतो का? आईच्या पासपोर्टवर अजून दांडिया बाजारच्या जुन्या वाड्याचा पत्ता आहे, आता आम्ही कारेलीबागेत राहतो, तेही एक आहेच.

---

उडाणटप्पू | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

काही टेन्शन घेऊ नका ताई. मी दोन वर्षांपूर्वी बँकॉकला गेलो तेव्हा माझे तीनच महिने उरले होते. काउंटरवर कोणी विचारलं नाही, तिकडे इमिग्रेशनवाल्यानेही धाडकन शिक्का मारला. सहा महिने वगैरे सगळं कागदावर असतं.

---

सेवउसळ | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:३१

टप्पूभाऊ, रस्ता ओलांडताना एकदा गाडी लागली नाही म्हणून पुढच्या वेळी डोळे मिटून ओलांडायचा नसतो. ताई, ऐकू नका.

---

तिकीटखिडकी | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:१२

मी ११ वर्षं विमानतळावर चेक-इन काउंटरला काढलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तरी पूर्ण वाचा.

मलेशियाला आत शिरताना पासपोर्ट किमान सहा महिने चालू असावा लागतो. हे तुमच्या आईला क्वालालंपूरला नाही, अहमदाबादलाच कळेल, कारण काउंटरवरच्या माणसासमोर टायमॅटिक नावाची माहिती उघडलेली असते. कुठल्या देशाचा नागरिक, कुठे चाललाय, पासपोर्ट कधी संपतोय, एवढं टाकलं की ती सांगते न्यायचं की नाही. नाही म्हणाली तर पोरगा किंवा पोरगी काहीही करू शकत नाही, कितीही वाईट वाटलं तरी. कारण असा प्रवासी तिकडे पोचला आणि त्यांनी आत घेतला नाही तर त्याला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीवर येते, बऱ्याच देशांत वर दंडही भरावा लागतो. म्हणून कंपनी मुळात चढवतच नाही.

आता खरी मेख सांगतो. जिथे व्हिसा लागतो तिथे हा प्रश्न आधीच सुटतो, कारण व्हिसाचा अर्ज करतानाच अडवतात. दुबईचा, सिंगापूरचा व्हिसा करायला गेलात की पहिल्या दिवशी सांगतात, सहा महिने नाहीत, आधी पासपोर्ट करून या. पण जिथे व्हिसा माफ आहे किंवा उतरल्यावर मिळतो तिथे मधे कोणीच तपासत नाही. तिकीट निघतं, हॉटेल होतं, बॅगा भरतात, घरचे सोडायला येतात, आणि पासपोर्टची तारीख पहिल्यांदा कोणी नीट बघतं तर ते विमान सुटायच्या तीन तास आधी. मी माझ्या हाताने लोकांना परत पाठवलंय. नवं लग्न झालेली जोडपी, म्हातारी माणसं, एकदा तर बाई वडिलांच्या आजारपणाला चालली होती. ते चेहरे मला अजून आठवतात.

टप्पूभाऊ खोटं बोलत नाहीत, कधीकधी निसटतं. पण त्यांचं बँकॉक हिंडणं होतं, नसतं जमलं तर गोव्याला गेले असते. इथे एका मुलीला आई हवीये.

"चालसे" हा शब्द विमानतळावर चालत नाही ताई. आजच तात्काळला अर्ज करा.

---

रावपुरावाली | १८ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

पण मला एक कळत नाही, सहा महिने मोजायचे कुठून? मला आमच्या टूरवाल्यांनी सांगितलं होतं की परत यायच्या तारखेपासून. मग मुक्काम लांबला तर अजूनच पंचाईत.

---

विश्वामित्रीकाठ | १८ नोव्हेंबर, सकाळी ९:४४

@रावपुरावाली, देशागणिक वेगळं आहे म्हणून गोंधळ होतो. मलेशिया, सिंगापूर, थायलंड, इंडोनेशिया, दुबई हे सगळे तिथे पोचायच्या दिवसापासून सहा महिने बघतात. युरोपातल्या शेंगेन देशांचं उलट, तिथून निघायच्या तारखेनंतर तीन महिने हवेत आणि दोन कोरी पानंही. दक्षिण आफ्रिकेला तर निघाल्यावर ३० दिवस पुरतात. इंग्लंड आणि जपान म्हणतात राहणार तेवढे दिवस पासपोर्ट जिवंत असला की झालं. टूरवाले सगळ्यांना एकच सांगतात की परतीपासून सहा महिने, त्यात त्यांचं चूक नाही, चाळीस माणसांच्या ग्रुपला प्रत्येक देशाचं वेगळं गणित कोण समजावणार.

कारेलीबागकर ताईंच्या बाबतीत कसंही मोजा, ९ डिसेंबरपासून सहा महिने म्हणजे ९ जून, आणि पासपोर्ट एप्रिलात संपतोय. वादच नाही.

---

वाडीवाला | १८ नोव्हेंबर, सकाळी १०:३५

आमच्यावर हे येऊन गेलंय म्हणून लिहितोय, एरवी मी इथे नुसता वाचतो.

मे महिन्यात बालीला निघालो होतो, मी, बायको, मोठी मुलगी आणि लहान मुलगा. आम्हा दोघांचे पासपोर्ट अगदी नवे, मी तारखा बघितल्या होत्या, पण आमच्या दोघांच्याच. लहान मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो हे डोक्यातच नव्हतं. तो वर्षाचा असताना काढलेला, मे मध्ये त्याला जेमतेम पाच महिने उरलेले. मुंबईला काउंटरवरच्या मुलीने चौघांचे पासपोर्ट घेतले, तीन बाजूला ठेवले आणि एक हातात धरून बसली. मला तेव्हाच कळलं काहीतरी आहे.

तिकिटाचे पैसे गेले, हॉटेलने निम्मे परत दिले. पैशाचं राहू दे. पोरगं माझ्या गळ्यातल्या बॅगेला धरून विचारत होतं, "बाबा, माझ्यामुळे का?" ते मी विसरू शकत नाही. सहा वर्षांचं पोर, त्याची काय चूक. रात्री टॅक्सीने बडोद्याला परत आलो, वाटेत कोणी बोललं नाही.

म्हणून सांगतो, घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट उघडून बघा, मुलांचा आधी. आणि मुलांचा करायचा तर आई-वडील दोघांच्या सह्यांचा संमतीचा कागद लागतो, दोघांतला एक बाहेरगावी असेल तर त्यात दिवस जातात.

---

रावपुरावाली | १८ नोव्हेंबर, सकाळी १०:५८

वाडीवाला दादा, वाचून गलबललं. आत्ताच उठून दोन्ही पोरींचे काढून बघितले. धाकटीचा फेब्रुवारीत संपतोय. तुमच्यामुळे कळलं.

---

सुरसागर९ | १८ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

मला या सहा महिन्यांच्या नियमाचाच राग येतो. आपण पैसे भरतो १० वर्षांचे, छापलेलं असतं १० वर्षं, आणि वापरायला मिळतात साडेनऊ. बरं लवकर नवा केला तर उरलेले महिने पुढच्या पासपोर्टात धरतही नाहीत, नव्या तारखेपासून नवीन १० वर्षं. मग ते महिने गेले कुठे? असंच असेल तर वर स्पष्ट लिहा की परदेशी जायला अमुक तारखेपर्यंतच.

---

तिकीटखिडकी | १८ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

@सुरसागर९, राग पटतो, पण नियम आपल्या सरकारचा नाही, ज्यांच्या घरी जातोय त्यांचा आहे. त्यांची बाजू अशी की पाहुणा आजारी पडला, अपघात झाला, विमानं बंद पडली तर तो महिनोन्महिने अडकू शकतो. २०२० मध्ये किती जण अडकले ते आठवा. त्यात त्याचा पासपोर्टच संपला तर त्याला परत पाठवणंही अवघड. वर छापायचं म्हणाल तर प्रत्येक देशाचा हिशोब वेगळा, कुठली तारीख छापणार?

---

सुरसागर९ | १८ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

कारण पटलं तरी माझे सहा महिने गेलेच ना.

---

फतेगंजचे आजोबा | १८ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

चर्चा वाचून जुनं आठवलं. माझा पहिला पासपोर्ट हाताने लिहिलेला होता, फोटो डिंकाने चिकटवलेला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी काहींना २० वर्षांच्या मुदतीचेही मिळाले होते, माझ्या मेव्हण्याला तसा मिळाला आणि तो खुशीत होता की आता जन्माची चिंता मिटली. पण आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने ठरवलं की २४ नोव्हेंबर २०१५ नंतर हाती लिहिलेले पासपोर्ट चालायचे नाहीत, यंत्राला वाचता येतील असेच हवेत. त्याच्या पासपोर्टवर तारीख शिल्लक होती तरी तो बाद. मुलाकडे लंडनला जायचं होतं, धावतपळत नवा करावा लागला. तेव्हा छापलेली तारीख म्हणजे सगळं काही, हे समजू नये.

थोडं विषयांतर करतो, म्हाताऱ्याला माफ करा. आपल्या बडोद्याला परदेशाचं वेड आजचं नाही. सयाजीराव महाराज १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले, आणि पुढे कितीतरी वेळा. जे तिकडे बघितलं ते इथे आणलं, ग्रंथालयं काय, शाळा काय. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. आज आपल्या गल्लीतल्या दर तिसऱ्या घरातलं कोणीतरी बाहेर आहे. म्हणून मला वाटतं पासपोर्टचं ज्ञान बडोदेकराला तरी असलंच पाहिजे, आपल्याला ते शिधापत्रिकेइतकं जवळचं आहे.

मुली, आईचं काम आधी कर. लेकीच्या बाळंतपणाला आई पोचली नाही तर ती हळहळ जन्मभर राहते. आमच्या घरी राहिलीये.

---

न्यूजर्सी_बडोदेकर | १८ नोव्हेंबर, रात्री ९:५०

आजोबा नमस्कार, मी नवापुऱ्याचा.

इकडचं थोडं सांगतो. अमेरिकेचा नियमही खरं तर मुक्काम संपल्यावर सहा महिने असाच आहे, पण काही देशांशी करार आहेत, त्यांच्या नागरिकांना ती सहा महिन्यांची अट नाही, आणि त्या यादीत भारत आहे. म्हणजे आपला पासपोर्ट मुक्कामाइतका चालू असला तर अडवत नाहीत.

पण त्यात एक खाच आहे आणि ती मला लागली. मी नोकरीच्या व्हिसावर परत आलो, व्हिसा अजून दोन वर्षांचा होता, पासपोर्टला सात महिने. अधिकाऱ्याने हसून स्वागत केलं, मी बाहेर. दोन आठवड्यांनी ऑनलाइन आय-९४, म्हणजे अमेरिकेत शिरल्याची सरकारी नोंद, काढून बघितला तर राहायची परवानगी पासपोर्ट संपायच्या तारखेपर्यंतच दिलेली! व्हिसावर तारीख कोणतीही असू दे, राहायचा हक्क आय-९४ वर ठरतो. माझ्या ओळखीत एकाने तो बघितलाच नाही आणि नकळत बेकायदा राहिला, पुढे वकिलाकडे खेटे. तेव्हा अमेरिकेत नोकरीसाठी किंवा शिकायला येणाऱ्यांनी निघायच्या आधी बडोद्यातच नवा करून घ्या. जुन्या पासपोर्टातला व्हिसा वाया जात नाही, दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवायचे.

---

कारेलीबागकर | १८ नोव्हेंबर, रात्री १०:३०

सगळ्यांचे खूप खूप आभार. दिवसभर फोनवरून वाचत होते. आईला वाडीवाला दादांचं आणि आजोबांचं मोठ्याने वाचून दाखवलं, त्यानंतर ती एक शब्द बोलली नाही, उठून कपाटातून कागदांची पिशवी काढली.

आता पुढचा घोळ. आईच्या पासपोर्टवर नाव साधं आहे, आणि आधारवर नावापुढे "बेन" चिकटलंय! मतदार कार्डावर आडनाव आधी, मग नाव, मग बाबांचं नाव. तिन्ही कागदांवर तीन बायका वाटतात. यावर अडवतात का?

---

अलकापुरी२२ | १८ नोव्हेंबर, रात्री १०:५१

अरे देवा, बेन-भाईचं दुखणं! गुजरातमधल्या प्रत्येक मराठी घराचं हे आहे. शाळेच्या दाखल्यापासून सुरू होतं, लिहिणारा प्रेमाने भाई लावतो, आदरच असतो तो, पण पुढे आयुष्यभर निस्तरावं लागतं. माझ्या सासऱ्यांच्या नावात भाई, वीजबिलात भाई नाही, बँकेत "राव". त्यांना सांगायचे तर ते म्हणायचे मी तिन्ही आहे.

ताई, जुना पासपोर्ट तुमच्या बाजूने आहे, तोच मोठा पुरावा. अर्जात नाव जसंच्या तसं जुन्या पासपोर्टप्रमाणे भरा, एक अक्षर इकडेतिकडे नको. आणि ज्या कागदांवर नाव आणि नवा पत्ता दोन्ही बरोबर जुळतात असे कागद पुढे करा, बँकेचं फोटोवालं पासबुक असेल तर तेही घ्या. मी स्वतः आधी आधारमधलं बेन काढून घेतलं होतं पण मला घाई नव्हती.

---

तिकीटखिडकी | १८ नोव्हेंबर, रात्री ११:०५

अजून दोन गोष्टी. फॉर्मवर "रिन्यू" शोधत बसू नका, "रीइश्यू" निवडायचं, आणि पत्ता बदललाय हेही त्यातच नोंदवायचं, लपवू नका, नाहीतर पोलीस दांडिया बाजारच्या वाड्यात जाऊन येतील. ३६ पानांचे साधे १५०० रुपये, तात्काळचे वर २०००, म्हणजे ३५०० होतात. सरकारी साइट एकच आहे, पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन. शोधलं की वर तिच्यासारख्या दिसणाऱ्या चार निघतात, त्या जास्तीचे पैसे घेतात आणि तुमचे कागदही त्यांच्याकडे जातात.

---

इंदूरी_जिरावन | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:२५

राम राम बडोदेकर, इंदूरहून. आमच्याकडे विभागीय कार्यालय भोपाळला, तुमचं अहमदाबादला, तेवढाच फरक, बाकी कहाणी घरोघरी तीच. एक सांगतो, २०१८ पासून अर्ज देशात कुठूनही करता येतो. माझी बहीण पुण्यात नोकरीला, पत्ता इंदूरचा, तिने पुण्यातूनच केला. तेव्हा बडोद्याच्या केंद्रात तारीख मिळाली नाही तर अहमदाबादची बघा, रात्री नवीन तारखा उघडल्या की लगेच जातात, बसून राहावं लागतं.

---

सेवउसळ | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

आणि नेपाळला जायचं असेल तर आपल्याला पासपोर्ट लागतच नाही, मतदार कार्डावर विमानाने काठमांडू. माझ्या काकांचा पासपोर्ट संपलेला होता तरी पशुपतिनाथाचं दर्शन झालं.

---

विश्वामित्रीकाठ | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

बरोबर, पण विमानाने जाताना आधारवर जाऊ नका, १५ ते ६५ वयाच्या माणसांना मतदार कार्ड किंवा पासपोर्टच लागतो. आधार घेऊन आलेले लोक परत जाताना बघितलेत.

---

कारेलीबागकर | २१ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४५

आज केंद्रात जाऊन आलो!! तारीख परवा रात्री मिळाली, बडोद्यातलीच. खाली सांगते कारण पुढच्या कोणाला उपयोग होईल.

सकाळी साडेनऊची वेळ होती, आईला नऊलाच नेलं. आधी टोकन, मग फोटो आणि बोटांचे ठसे. आईचे ठसे लवकर येईनात, आयुष्यभर भांडी-धुणी करून रेषाच पुसल्यात, तिथल्या मुलीने ओला रुमाल दिला, हात पुसून परत घेतले, चौथ्यांदा आले. दुसऱ्या काउंटरवर कागद तपासले. "बेन" बघून साहेबांनी जुना पासपोर्ट आणि पासबुक पुन्हा चाळलं आणि म्हणाले ठीक आहे. मी श्वास रोखून उभी होते.

तिसऱ्या काउंटरवर आईने एकच प्रश्न विचारला. जुना पासपोर्ट तुम्ही ठेवून घेणार का? त्यात बाबांबरोबरच्या एकमेव परदेश प्रवासाचे शिक्के आहेत, सिंगापूरचे, दोघं माझ्या बहिणीला कॉलेजात सोडायला गेले होते, पुढच्याच वर्षी बाबा गेले. मला माहीतच नव्हतं की ती त्यासाठी चार दिवस गप्प आहे, मला वाटत होतं तिला धावपळ नकोय. बाईंनी पासपोर्टचा कोपरा कापला, रद्दचा शिक्का मारला आणि दोन्ही हातांनी आईला परत दिला. आईने तो पदराला पुसून पर्समध्ये ठेवला. रिक्षात बसल्यावर उघडून बघितला, शिक्के सगळे शाबूत आहेत.

---

रावपुरावाली | २१ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१०

डोळ्यांत पाणी आलं गं. आईंना नमस्कार सांग.

---

फतेगंजचे आजोबा | २१ नोव्हेंबर, रात्री ८:००

माझ्याकडे रद्द झालेले चार आहेत. हिने सगळे एका रुमालात बांधून ठेवले होते, मी तसेच ठेवलेत.

---

उडाणटप्पू | २२ नोव्हेंबर, दुपारी १:२०

ताई, मी पहिल्या दिवशी लिहिलं ते मनापासून लिहिलं होतं, पण चुकीचं होतं. माझं निभावलं म्हणून दुसऱ्याला सल्ला द्यायला नको होता, त्यातून तुमच्या आईंचा प्रवास असा. माफ करा. काल मित्रांचं व्हिएतनामचं ठरलं, सगळ्यांचे पासपोर्ट मागवून मीच तपासले, एकाचे पाच महिने उरलेत. त्याला आधी अर्ज करायला लावलाय, मगच तिकिटं.

---

कारेलीबागकर | २८ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

काल स्पीड पोस्टने आला!! पोस्टमनकाकांनी आईलाच बोलावलं, तिच्याच हातात दिला. नंबर नवीन आहे, नाव अचूक, पत्ता कारेलीबागेचा. पोलीस पडताळणीसाठी आज सकाळी येऊन गेले, शेजारच्या काकूंनी साक्षीला सही दिली.

@तिकीटखिडकी दादा, तिकिटात जुना नंबर दिलेला होता, तो बदलायला लागेल का?

---

तिकीटखिडकी | २८ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

अभिनंदन! कंपनीच्या साइटवर बुकिंग उघडून नवा नंबर आणि तारीख टाका, नाहीच जमलं तर काउंटरवरही बदलून देतात, तिकीट तेच राहतं. आणि मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड भरायचं विसरू नका, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरतात, त्यात नवाच नंबर. जुना पासपोर्ट घरी ठेवला तरी चालेल, मलेशियाला त्याची गरज नाही.

---

कारेलीबागकर | २८ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

तो ती बरोबर नेणारच आहे, नातवंडाला दाखवायला.

---

कारेलीबागकर | १० डिसेंबर, सकाळी ७:५०

आई पोचली. काल अहमदाबादच्या काउंटरवर मुलीने पासपोर्ट घेतला आणि सगळ्यात आधी तारखेचंच पान बघितलं, नाव नंतर. मी रेलिंगच्या बाहेरून बघत होते, दादा, तुमचंच वाक्य आठवलं. पलीकडच्या रांगेत एक कुटुंब बॅगा घेऊन बाजूला उभं होतं, फोनाफोनी चालली होती, कशामुळे ते कळलं नाही, पण पाय थरथरले.

---

कारेलीबागकर | १३ डिसेंबर, पहाटे ४:१५

मुलगी झाली! दोघी ठीक. एक दिवस आधीच आली. आई खोलीत होती, बहिणीचा हात हातात घेऊन.

---

सेवउसळ | १३ डिसेंबर, सकाळी ६:३०

अभिनंदन मावशी!! पेढे कधी?

---

वाडीवाला | १३ डिसेंबर, सकाळी ७:४०

फार आनंद झाला ताई. आता एक सांगून ठेवतो, बहिणीला म्हणावं बाळाची जन्मनोंद तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयात वर्षाच्या आत करून घ्यायची, मग बाळाचा पासपोर्ट. आणि तो ५ वर्षांचाच मिळेल.

---

कारेलीबागकर | १३ डिसेंबर, सकाळी ८:०५

लगेच कळवलं तिला. आईने फोन हिसकावून विचारलं की आजी बाळाला घेऊन बडोद्याला यायला निघाली तर बाळाचा पासपोर्ट किती दिवसांत होईल. कोणी तिकडून केलाय का? बारसं झालं की लगेच अर्ज करायचा म्हणतायत.